ब्रॉन्कोस्कोपीत कॅरिनाच्या खाली गेलं की हरवायला होतं: नॉर्मल रचना डोक्यात कशी बसवायची?

प्रश्न असा आहे: "छातीरोग विभागात रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष सुरू आहे. पुस्तकातली सेगमेंटची (फुफ्फुसाच्या प्रत्येक लोबच्या, म्हणजे मोठ्या भागाच्या, उपविभागांची) आकृती पाठ आहे, सीटी बऱ्यापैकी वाचता येतो. पण स्कोप हातात आला आणि कॅरिनाच्या, म्हणजे श्वासनलिका दोन वाटांना फुटते तिथल्या धारेच्या, खाली गेलं की सगळी तोंडं सारखीच दिसायला लागतात. सर विचारतात, 'आत्ता कुठे आहेस?' आणि उत्तर सुचत नाही. नॉर्मल नक्की कसं दिसतं आणि ते पक्कं कसं करायचं?"

हे बहुतेक सगळ्यांचं होतं, आणि त्याचं कारण अभ्यास कमी पडला हे नाही. पुस्तकातली आकृती फुफ्फुस समोरून पाहून काढलेली असते. आपण मात्र नळीच्या आत असतो, वरून खाली बघत असतो, आणि आपला कॅमेरा दर वळणावर स्वतःभोवती फिरत असतो. गावाचा नकाशा पाठ असणं वेगळं आणि अंधारात बोळातून घर गाठणं वेगळं. म्हणून दहा नावांच्या यादीपासून सुरुवात करू नका. सुरुवात करा मागच्या भिंतीपासून.

श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या पूर्ण गोल नसतात. त्या घोड्याच्या नालासारख्या असतात, मागून उघड्या. मोठ्या माणसात १० ते १२ सेंटिमीटर लांबीत अशा साधारण १६ ते २० कड्या. मागची उघडी बाजू स्नायूच्या सपाट पडद्यानं बंद केलेली असते, आणि त्या पडद्यावर उभ्या, बारीक, फिकट रेघा दिसतात. हे लवचीक तंतूंचे जुडगे. या रेघा कॅरिनाशी दोन वाटांना फुटतात आणि दोन्ही मुख्य ब्रॉन्कसच्या (श्वासनलिकेच्या दोन फांद्यांच्या) मागच्या भिंतीवर चालू राहतात. त्या दिसल्या की पाठीची बाजू कळली, आणि पाठ कळली की उजवं-डावं कळलं. "आत्ता कुठे आहेस?" या प्रश्नाचं पहिलं उत्तर सेगमेंटचं नाव नसून "मागची भिंत घड्याळात सहावर आहे" हे असायला हवं.

हे घड्याळ तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. रुग्ण उताणा आणि तुम्ही त्याच्या डोक्याशी, तर कूर्चेच्या कड्या वर बारावर, मागची भिंत सहावर, आणि रुग्णाची उजवी बाजू पडद्याच्या उजवीकडे. रुग्णाला बसतं करून तुम्ही समोर उभे राहिलात, तर सगळं उलटतं: मागची भिंत वर, रुग्णाची उजवी बाजू पडद्याच्या डावीकडे. पहिली किमान पन्नास स्कोपी एकाच जागी उभं राहून करा. एका युनिटमध्ये डोक्याशी आणि दुसऱ्यात समोर उभं राहून शिकलेल्या मुलांचा गोंधळ मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. खाली मी जे सांगतो ते सगळं डोक्याशी उभं राहून.

आता सीटीबद्दल, कारण इथेच अनेक जण फसतात. सीटीचा आडवा काप पायाकडून बघितल्यासारखा मांडलेला असतो. त्यात रुग्णाची उजवी बाजू आपल्या डावीकडे आणि छाती वर. डोक्याशी उभं राहून स्कोपमधून दिसणारं चित्र म्हणजे त्याच कापाची डावी-उजवी अदलाबदल. स्कोपी सुरू करण्याआधी सीटीचे काप श्वासनलिकेपासून खाली एकेक करत उतरा, आणि शक्य असेल तर पडद्यावर चित्र आडवं पलटवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. ते केलेला रेसिडेंट आत गेल्यावर क्वचितच हरवतो.

हाताबद्दलही एक गोष्ट समजून घ्या. नेहमीच्या स्कोपचं टोक फक्त दोन दिशांना वाकतं, अंगठ्याच्या लिव्हरनं वर आणि खाली. डावीकडे-उजवीकडे जायचं तर मनगट फिरवावं लागतं. मनगट फिरलं की पडद्यावरचं घड्याळही फिरतं, आणि सहावरची मागची भिंत तीनवर किंवा नऊवर जाऊन बसते. चित्र बदलल्यासारखं वाटतं ते यामुळे, रचना जागच्या जागीच असते. म्हणून नवीन तोंडात शिरण्याआधी स्वतःला विचारा: मी किती फिरवलंय? शंका आली तर मनगट सरळ करा आणि कॅरिनापर्यंत मागे या. मागे येण्यात कमीपणा नाही. मी आजही येतो.

आता वरून खाली उतरू. व्होकल कॉर्डच्या हालचाली आधी बघा, दोन्ही बाजूंच्या आणि सारख्या. इथे घाई केली तर डाव्या कॉर्डचा लकवा निसटतो, आणि डाव्या फुफ्फुसाच्या गाठीत ही सगळ्यात महत्त्वाची खूण असू शकते. कॉर्डखालचा भाग थोडा अरुंद, मग श्वासनलिका. अस्तर फिकट गुलाबी, ओलसर. त्याखालून कड्यांची पांढुरकी झाक आणि केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसतात. या वाहिन्या दिसणं हे निरोगी अस्तराचं चांगलं लक्षण. सूज आली की आधी त्या दिसेनाशा होतात आणि कड्यांची धार बुजते. खालच्या भागात डाव्या भिंतीवर ठोके जाणवतात, ते महाधमनीच्या कमानीचे. पहिल्यांदा बघणारा दचकतो, पण ते नॉर्मल आहे.

श्वास सोडताना मागची भिंत आत येते, खोकल्यात तर खूपच आत येते आणि नळी चंद्रकोरीसारखी दिसते. खोकला थांबला की परत जागेवर. नुसत्या जोराच्या खोकल्यात दिसलेल्या या चित्रावरून "मॅलेशिया" (भिंत मऊ पडून नळी मिटणं) लिहू नका. शांत श्वासात बघा, मग मुद्दाम जोरात श्वास सोडायला लावून बघा, आणि किती टक्के नळी बंद होते ते नोंदवा.

कॅरिना नॉर्मल असेल तर पातळ, धारदार, थोडी डावीकडे, आणि श्वासाबरोबर हलणारी. ती बोथट, रुंद, थिजल्यासारखी दिसली तर खाली काहीतरी ढकलतंय असं समजा: कॅरिनाखालच्या ग्रंथी, किंवा मायट्रल व्हॉल्व्हच्या जुन्या रोगात फुगलेला डावा कर्णिका कप्पा. आपल्याकडे ऱ्हुमॅटिक हृदयरोगाचे रुग्ण अजून दिसतात, म्हणून हे लक्षात ठेवा.

उजवा मुख्य ब्रॉन्कस रुंद, आखूड आणि बराचसा सरळ रेषेत; वरच्या लोबचं तोंड येईपर्यंत जेमतेम दोन सेंटिमीटर. डावा त्याच्या साधारण दुप्पट लांब, अरुंद आणि जास्त तिरका. सुपारीचा तुकडा, चिंचोका, सीताफळाची बी, दाताचा तुटलेला कॅप मोठ्यांमध्ये बहुतेकदा उजवीकडे सापडतो तो याच कारणानं. लहान मुलांमध्ये दोन्ही बाजूंच्या कोनातला फरक एवढा नसतो, म्हणून शेंगदाणा डावीकडेही सापडतो.

उजव्या वरच्या लोबचं तोंड बाहेरच्या भिंतीवर, तीनच्या सुमारास. नवखा रेसिडेंट सरळ खाली घसरतो आणि ते मागे सुटतं. मनगट घड्याळाच्या दिशेनं पाव वळण फिरवा, तोंड बारावर येईल, मग टोक वर वाकवा. आत तीन तोंडं दिसतात, मर्सिडीज गाडीच्या चिन्हासारखी. या स्थितीत वरचं तोंड एपिकल, बी-१ (बी म्हणजे ब्रॉन्कस, अंक सेगमेंटचा). उजवीकडचं पोस्टीरियर, बी-२. डावीकडचं अँटीरियर, बी-३. हे पाठ करू नका, हातानं समजून घ्या. मनगट उजवीकडे फिरवल्यावर मागची भिंत पडद्याच्या उजवीकडे गेली, म्हणून पोस्टीरियर उजवीकडे. एवढं एकदा पटलं की आयुष्यभर चुकणार नाही. फुफ्फुसाच्या टीबीच्या आवडत्या जागा म्हणजे हे पहिले दोन सेगमेंट आणि खालच्या लोबचा बी-६. बीएएल (सलाईन घालून परत खेचून घेतलेला नमुना) कुठून घ्यायचं हे ठरवताना हे दुवे डोळ्यासमोर हवेत.

वरच्या लोबमधून बाहेर आलात की मनगट सरळ करा. पुढे दोनेक सेंटिमीटर ब्रॉन्कस इंटरमीडियस, एकही फांदी नसलेली सरळ नळी. तिच्या टोकाशी थांबा, टोक मध्यभागी धरा आणि पुढे जाऊ नका. उजव्या बाजूचं सगळ्यात शिकवणारं दृश्य इथे आहे. बारावर मिडल लोबचं तोंड, वरून चपटं, इंग्रजी 'डी' अक्षर आडवं टाकल्यासारखं किंवा माशाच्या तोंडासारखं. सहावर, जवळजवळ त्याच्या समोरासमोर, खालच्या लोबचा सुपीरियर सेगमेंट, बी-६. आणि मध्ये खाली जाणारे बेसल ब्रॉन्कस. पुढे, मागे आणि खाली, अशा तीन दिशा एका नजरेत.

बी-६ हमखास सुटतो. डोळा बेसलच्या मोकळ्या वाटेकडे ओढला जातो आणि टोक वर वाकलेलं असल्यानं सहावरचं तोंड दिसतच नाही. टोक खाली वाकवून मुद्दाम बघायला लागतं. माणूस उताणा पडलेला असतो तेव्हा घशातलं जे आत जातं ते गुरुत्वानं मागे वाहतं, म्हणजे याच बी-६ मध्ये आणि वरच्या लोबच्या पोस्टीरियर सेगमेंटमध्ये. बेशुद्ध रुग्ण, दारूच्या नशेत झोपलेला माणूस, फिट आलेला मुलगा, यांच्यातला गळू तिथेच सापडतो. हे तोंड न बघता रिपोर्टवर सही करू नका.

मिडल लोबमध्ये शिरलात की दोन तोंडं शेजारी-शेजारी: उजवीकडे लॅटरल, बी-४, डावीकडे मीडियल, बी-५. हा ब्रॉन्कस अरुंद, थोडा लांब आणि भोवती ग्रंथींनी वेढलेला. लहानपणीच्या टीबीच्या ग्रंथींनी हाच पहिल्यांदा दाबला जातो. पण नॉर्मल मिडल लोबही थोडा चपटा दिसतो, म्हणून "बाहेरून दाबलेला" असं लिहिण्याआधी अस्तर, रक्तवाहिन्या आणि स्कोप सहज जातो का ते बघा. फुफ्फुसभर पसरलेल्या रोगात बीएएलसाठी मिडल लोब किंवा लिंग्युला (डाव्या वरच्या लोबचा खालचा भाग) का निवडतो तेही इथेच कळतं. रुग्ण उताणा असताना हे सेगमेंट वर असतात, टोक घट्ट बसतं आणि घातलेलं सलाईन जास्त परत मिळतं.

बेसलची किल्ली बी-७, मीडियल बेसल. तो बाकीच्यांच्या आधी आणि आतल्या, हृदयाकडच्या भिंतीवरून निघतो, नऊ-दहाच्या सुमारास. तो सापडला की पुढचे घड्याळाच्या दिशेनं मोजायचे: बी-८ अँटीरियर एक-दोनवर, बी-९ लॅटरल तीनवर, बी-१० पोस्टीरियर पाचच्या आसपास. बी-९ आणि बी-१० पुष्कळदा एका सामाईक खोडातून निघतात, त्यामुळे कधी दोनच तोंडं दिसतात आणि थोडं पुढे गेल्यावर तिसरं उलगडतं.

डावी बाजू उजवीचं आरशातलं चित्र नाही. मुख्य ब्रॉन्कसमध्ये हृदयाचे ठोके जाणवतात. चार-पाच सेंटिमीटरनंतर दुसरी कॅरिना, वरचा आणि खालचा लोब वेगळा करणारी. डावीकडे इंटरमीडियस नाही आणि स्वतंत्र मिडल लोबही नाही. वरच्या लोबचं तोंड नऊ-दहाच्या बाजूला. यावेळी मनगट उलट दिशेनं फिरवा. आत वर अपर डिव्हिजन आणि खाली लिंग्युला. अपर डिव्हिजनमध्ये बी-१ आणि बी-२ एकत्र, म्हणून एपिकोपोस्टीरियर, आणि सोबत बी-३. लिंग्युलाचे बी-४ आणि बी-५ उजव्या मिडल लोबसारखे शेजारी नसतात, एक वर आणि एक खाली, म्हणून नावंही सुपीरियर आणि इन्फीरियर. खालच्या लोबमध्ये शिरता शिरता सहावर बी-६, मग फांदी नसलेला छोटा टप्पा, मग बेसल. इथे बी-७ सहसा वेगळा नसतो, तो बी-८ मध्ये मिसळलेला, आणि मोजणी घड्याळाच्या उलट दिशेनं: बी-८, बी-९, बी-१०.

डावीकडे सहावरून थेट आठवर उडी का, असं प्रत्येक बॅच विचारते. सेगमेंटची आज वापरात असलेली नावं जॅक्सन आणि ह्युबर यांनी १९४३ मध्ये मांडली. त्या काळात सर्जन लोबऐवजी सेगमेंट काढायला लागले होते, आणि कुठला भाग काढला हे एका नावानं सांगता येणं गरजेचं होतं. अंक उजव्या बाजूच्या दहा सेगमेंटना धरून आले, आणि डावीकडे जिथे दोन एकत्र आहेत तिथे अंक जोडले. म्हणून उजवीकडे दहा आणि डावीकडे आठ. त्याआधी १८९७ मध्ये जर्मनीत किलियान यांनी ताठ नळीतून एका शेतकऱ्याच्या उजव्या ब्रॉन्कसमधलं हाड काढलं होतं. ताठ नळीतून वरच्या लोबमध्ये सरळ शिरता येत नसे. जपानच्या शिगेतो इकेदा यांनी १९६० च्या दशकात लवचीक स्कोप आणला, तेव्हा सेगमेंटच्या तोंडात डोकावणं रोजचं काम झालं. तरी आपला स्कोप चौथ्या-पाचव्या पिढीच्या फांद्यांपर्यंतच पोचतो, आणि वायुमार्ग साधारण तेवीस वेळा विभागतो. "स्कोपी नॉर्मल" याचा अर्थ "फुफ्फुस नॉर्मल" होत नाही, हे नातेवाइकांना सांगताना विसरू नका.

लोबच्या खाली गेल्यावर आणखी एक बदल होतो. तिथे नालासारख्या कड्या संपतात, कूर्चेचे वेडेवाकडे तुकडे भोवताली पसरतात, आणि मागच्या भिंतीवरच्या रेघाही सगळ्या बाजूंनी विखुरतात. म्हणजे मागच्या भिंतीचा आधार तिथे संपतो. तिथे आधार दोन तोंडांमधल्या धारेचा आणि मोजणीचा. प्रत्येक धार पातळ आहे का, अस्तर गुळगुळीत आहे का, ते बघत जा. एखादीच धार जाड दिसली तर तिथे थांबा.

नॉर्मल असूनही घाबरवणाऱ्या काही गोष्टी आहेत. खेड्यात वर्षानुवर्षं चुलीवर स्वयंपाक केलेल्या आजींच्या ब्रॉन्कसमध्ये काळे-निळसर डाग दिसतात, विशेषतः धारांवर. नुसता डाग, अस्तर सपाट, तोंड मोकळं, तर तो धुराचा साठा, नोंद करा आणि पुढे जा. डागासोबत तोंड आकसलेलं असेल, आणि हे मिडल लोबला फार होतं, तर मात्र तो अँथ्रॅकोफायब्रोसिस. तिथे टीबीसाठी आणि कर्करोगासाठी नमुने घ्यायलाच हवेत. म्हाताऱ्या माणसात अस्तर पातळ होऊन कड्या उठून दिसतात, आणि क्रॉनिक ब्राँकायटिसमध्ये ग्रंथींची तोंडं टाचणीच्या टोकाएवढ्या खड्ड्यांसारखी दिसतात.

आणि लाल ठिपके. मी रेसिडेंट असताना एका रुग्णाच्या रिपोर्टमध्ये "डाव्या मुख्य ब्रॉन्कसमध्ये लाल चट्टे" असं लिहिलं. मला शिकवणाऱ्या बाईंनी रेकॉर्डिंग मागे नेऊन दाखवलं: आत जाताना अस्तर स्वच्छ होतं, चट्टे बाहेर येताना होते. सक्शनचं बटण दाबून ठेवत मी भिंतीला चिकटत गेलो होतो, आणि चट्ट्यांचा आकार स्कोपच्या टोकाएवढाच होता. तेव्हापासून माझा नियम: आधी निरोगी बाजू, आत जाताना बघायचं, सक्शन लागेल तेवढंच आणि नळीच्या मध्यावर, नमुने सगळ्यात शेवटी.

आता वेगळेपणाबद्दल, कारण नॉर्मल म्हणजे सगळ्यांचं एकसारखं नव्हे. उजव्या वरच्या लोबला तीनऐवजी दोन तोंडं, बी-६ दुहेरी, डावीकडे वेगळा बी-७, हे नेहमी भेटतं. इंटरमीडियसच्या आतल्या भिंतीवर एखादं छोटं, पुढे बंद असलेलं तोंड क्वचित दिसतं, तो ॲक्सेसरी कार्डियाक ब्रॉन्कस.

पण एक वेगळेपण कधीही चुकवू नका. बऱ्याच वर्षांपूर्वी आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या एका तरुणाचा उजवा वरचा लोब पुन्हा पुन्हा आकसत होता. दोनदा स्कोपी झाली, दोन्ही वेळा "चिकट स्राव काढला, बाकी नॉर्मल" असा रिपोर्ट. तिसऱ्यांदा मी गेलो. वरच्या लोबमध्ये दोनच तोंडं होती, आणि एपिकलच्या जागी काही नव्हतं. ट्यूब सावकाश दोन सेंटिमीटर वर ओढली, तेव्हा कॅरिनाच्या वर, श्वासनलिकेच्या उजव्या भिंतीवर तिसरं तोंड उघडलं. ट्रॅकियल ब्रॉन्कस. ट्यूबची भिंत त्यावर टेकून बसली होती. आधीच्या दोघांनी नीटच बघितलं होतं, फक्त मोजलं नव्हतं. वरच्या लोबमध्ये दोन तोंडं दिसली तर ती नॉर्मलही असू शकतात, पण परतताना श्वासनलिकेच्या उजव्या भिंतीवर नजर टाकल्याशिवाय स्कोप बाहेर काढू नका.

सरावासाठी एवढं करा. पुढचे तीन महिने प्रत्येक स्कोपीत, तुमची असो वा दुसऱ्याची, एकाच क्रमानं प्रत्येक तोंडाचं नाव मोठ्यानं म्हणा: उजवीकडे एक ते दहा, मग डावीकडे. रुग्णाला जाग असेल तर मनात. संध्याकाळी कोऱ्या कागदावर झाड काढा, आकृती न बघता, आणि त्या दिवशी त्या रुग्णाचं जे वेगळं होतं ते त्यात दाखवा. रिपोर्टमध्ये "दोन्ही बाजू नॉर्मल" असं एका ओळीत संपवू नका. कॉर्ड, श्वासनलिका, कॅरिना आणि प्रत्येक लोब वेगळा लिहा, आणि जे सेगमेंट खोकल्यामुळे किंवा स्रावामुळे बघता आले नाहीत त्यांची नावंही लिहा. सहा महिन्यांनी तोच रुग्ण दुसऱ्या कुणाच्या टेबलावर आला, तर त्या डॉक्टरला तुम्ही कुठपर्यंत पोचला होतात ते त्या कागदावरूनच कळणार आहे.